टाळी न मिळालेला पिवळा

अकाइतीच्या घरात शिरायचं म्हणजे चिंध्या तुडवतच. आमच्या बेटावरच्या तितिकावेका गावात तिच्यासारखी तिवायवाय गोधडी कुणाला जमत नाही, हे मी तिची शेजारीण असूनही कबूल करते. त्याच चिंध्यांवर तिनं नातीला, अडीच वर्षांच्या इनाला, रंग शिकवले.

खेळ सोपा होता. अकाइती शिवता शिवता एक चिंधी उचलून म्हणायची, "तांबडा आण." इना घरभर धावायची आणि जास्वंद, नाहीतर माझी चप्पल घेऊन यायची. बरोबर असलं की टाळी, आणि टाळी पडली की पुढचा रंग आणायला धूम. चुकलं तर अकाइती "नाही" म्हणायची नाही. मुकाट्यानं शिवत राहायची, की पोर आपणच हातातल्या वस्तूला दुसऱ्या रंगाचं नाव देऊन बघायची.

इना अकाइतीच्या लेकीची, तुआइनेची. पण आमच्याकडे पोसायला दिलेलं मूल दिलेलंच असतं, ते परत मागत नाहीत. ऑकलंडला कामाला जाताना तुआइनेनं सगळ्या वाडीसमोर पोर आईच्या ओटीत घातली होती. "आजपासून तुझी," म्हणाली होती. मी कानांनी ऐकलंय.

यंदा तुआइने सुट्टीला आली. आईचे पाय चेपले, तारोचे कंद सोलले, चर्चमध्ये आईला चिकटून बसली. अकाइती नुसती विरघळली होती.

एका सकाळी मी तिथंच होते. अकाइती म्हणाली, "पिवळा आण." इना आत गेली आणि तुआइनेच्या बॅगेतून एक कोट ओढत घेऊन आली. पिवळाधम्मक, कापूस भरलेला, तिच्याच मापाचा, कोरा. आमच्या बेटावर असला कोट घातला तर माणूस उकडून मरेल.

इना टाळीची वाट बघत उभी. अकाइतीचे हात हलेनात.

"तुआइने, हे कुणासाठी गं?"

"आई, तिकडं थंडी असते ना..."

"तिकडं कोण चाललंय?"

तुआइने खाली बघत म्हणाली, "आता माझं घर झालंय. माझीच मुलगी आहे ना ती? तू रडशील म्हणून बोलले नाही."

"मग कधी बोलणार होतीस? विमान उडाल्यावर? पाय चेपलेस ते यासाठी? केसानं गळा कापलास गं माझा!"

मलाही राहवलं नाही. "तुला लाज नाही वाटत?" मी विचारलं. तुआइने म्हणाली, "मावशी, तुम्ही मध्ये पडू नका." या पोरीला मी न्हाऊमाखू घातलंय!

"अडव की तिला," मी अकाइतीला बजावलं. ती म्हणाली, "दोघींनी ओढलं तर कापड फाटतं."

इकडं इनाला वाटलं, आपलंच चुकलं. त्या दिवसापासून कोट हातात धरून ती आजीसमोर उभी राहायची. "निळा?" अकाइती तोंड फिरवायची. "तांबडा?" पिवळा हा शब्दच पोरीनं टाकून दिला.

विमानतळावर इना तो कोट घालून आली. घामानं निथळत होती, पण काढू देईना. गळ्यात आजीनं ओवलेला हार. फाटकाशी तिनं मान वर केली. "हिरवा?"

"आई, आता तरी वाजव," तुआइने पुटपुटली.

"तू बोलू नकोस माझ्याशी," अकाइती म्हणाली आणि गुडघ्यांवर बसली. "पिवळा गं माझी बाय. पहिल्याच वेळी बरोबर होतं तुझं." आणि तिनं टाळी वाजवली.

इनानं उडीच मारली. "आता कोणता?"

अकाइतीनं तिचा घाम पुसला. "आता हिरवा आण."

पोर आईचं बोट ओढत, हिरवं शोधत फाटकातून आत पळाली. रडणं नाही, मागं बघणं नाही. विमान गेलं तरी अकाइती उठेना. मी दंडाला धरलं तेव्हा म्हणाली, "तुआइनेनं मला फसवलं, आणि मी इनाला. हिरवं घेऊन येईल ती, आणि मला शोधेल."