बावन्न टक्के

कचेरीत त्याला सगळे ‘अधिक-उणे’ म्हणत, आणि तेही तोंडावर. जनमत चाचणीचे अर्ज आले की बाकीचे टक्के काढून मोकळे होत. हा मात्र प्रत्येक टक्क्यापुढे अधिक-उणे किती, हे मांडल्याशिवाय कागद हातचा सोडत नसे. चहाला कधी येणार असं कुणी विचारलं, की बाकीचेच परस्पर सांगत, “चार वाजता, अधिक-उणे दहा मिनिटं.” वीस वर्षं त्याने ही थट्टा निमूट गिळली.

मग वस्तीतला छोटा दवाखाना बंद करावा का, याची चाचणी आली. त्याची थोरली बहीण तिथेच परिचारिका होती. आईवडिलांमागे तिनेच त्याला शिकवलं होतं. चारशे जणांना विचारलं. बावन्न टक्के म्हणाले, बंद करा. त्याने तीनतीनदा आकडेमोड केली. अधिक-उणे पाच. म्हणजे साऱ्या वस्तीला विचारलं तर सत्तेचाळीस टक्के निघतील, नाहीतर सत्तावन्नही. बहुमत सिद्ध होतच नव्हतं. त्याच्या जिवात जीव आला.

दवाखान्याचा निर्णय घेणाऱ्या समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी त्याला विचारलं, “लोकांचं बहुमत बंद करण्याकडे आहे की नाही?”

“तसं सांगता येत नाही, साहेब.”

“घ्या! तज्ज्ञांनाच माहीत नाही. मग हातात आहे तोच आकडा धरू. बावन्न.”

सगळे हसले. ‘बंद करायला एवढा पुरावा पुरत नाही,’ हे साधं वाक्य त्याला जिना उतरताना सुचलं. बैल गेला आणि झोपा केला! अतिशहाण्या माणसाची हीच गोची असते.

“सरळ नाही म्हणायला तुझं काय जात होतं रे?” ताईने विचारलं.

“नाही असंही सिद्ध होत नव्हतं, ताई.”

“तुला शिकवताना मी कुठे पुरावा मागितला होता?”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहा महिन्यांनी त्याच्याच टेबलावर नवे चारशे अर्ज आले. दवाखाना बंद झाल्याबद्दल तुम्ही समाधानी आहात का? एकसष्ट टक्के समाधानी होते. अधिक-उणे पाच धरूनही छप्पन्नच्या खाली आकडा उतरेना. कुठे चूक सापडते का म्हणून त्याने एकेक अर्ज पुन्हा चाळला. देवाशप्पथ, चूक सापडावी असं त्याला वाटत होतं. सापडली नाही. त्याने अहवालावर सही केली, आणि त्यानंतर ताईकडे जायचंच सोडलं.