वीमची पहिली बंदूक आणि बाबांचं कुंकू

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. हॉलंडमध्ये फेल्डहोवनला आमच्या शेजारी वीम राहायचा, माझ्याच ऑफिसातला. पन्नाशीला टेकल्यावर या गृहस्थाला शिकारीची हौस आली. रीतसर कोर्स करून, परीक्षा देऊन पास झाला, परवाना मिळवला आणि पहिली बंदूक घ्यायच्या तयारीला लागला.

त्याच सुमारास बाबा कणकवलीहून आमच्याकडे आले होते. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. आम्ही नवरा-बायको दोघं कामावर, आणि बाबा खिडकीत बसून रस्त्यावरच्या सायकली बघायचे... थोड्याच दिवसांत म्हणाले, "माका आता घराक जांव दी." त्या रिकाम्या घरात त्यांना एकटं पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

एका शनिवारी वीम कॅटलॉग घेऊन आला. त्यात तीन खुणा केलेल्या. बदकांसाठी छर्‍यांची एक बारा बोअर, हरणांसाठी दुर्बीण लावलेली रायफल, आणि तिसरी... बहुतेक नुसती आवडली म्हणून.

बाबांनी चष्मा लावला. गावी रानडुकरं शेतात घुसायची म्हणून त्यांच्याकडे परवान्याची डबल बार, म्हणजे दुनळी बंदूक होती. आई गेल्यावर त्यांनी ती पोलिसांकडे जमा करून टाकली, त्याबद्दल कधी बोललेही नाहीत. त्या दिवशी मात्र बोलले. "त्येका सांग, आधी एकच घे. बारा बोअर. हाताक सवय होऊंदे, मगे रायफल."

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघंही दुकानात. भाषा एकाची दुसऱ्याला येत नाही, पण बाबांनी खाणाखुणांनी शिकवणी सुरू केली. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. नजर आपसूक नळीवरून सरळ गेली तर ती बंदूक आपली... मान वाकडी करावी लागली तर खाली ठेवायची. वीमने बऱ्याच लावून बघितल्या आणि शेवटी दिसायला सगळ्यात साधी होती ती घेतली. बाबा दुकानदारापेक्षा जास्त खूश.

मग खंडेनवमी आली. आमच्या टेबलावर पूजेला लॅपटॉप, पकड आणि सायकलचा पंप. बाबांनी त्याकडे एकदा बघितलं, हळदकुंकवाचं तबक उचललं आणि तडक वीमच्या दारात. मी मागोमाग धावलो.

वीमने कौतुकाने लोखंडी कपाट उघडून बंदूक बाहेर काढली. बाबांनी ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि मागच्या लाकडी दस्त्यावर छान ठसठशीत टिळा लावला. घरच्या जुन्या बंदुकीवरचा टिळा दुसऱ्या दिवशी पुसला की निघायचा. पण हे लाकूड नवंकोरं, वीमने आदल्याच दिवशी त्याला तेल पाजलेलं... कुंकू आत मुरलं. फडक्याने पुसलं तर डाग आणखी पसरला.

वीमने बंदूक उचलून परत कपाटात ठेवली. मी सॉरी सॉरी करत राहिलो. बाबा घरी आले ते न जेवता बॅग भरायला बसले. मला रडूच यायचं बाकी होतं.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात चिखलाने भरलेले बूट, हातात बदक... वीम. त्याने बाबांसमोर नुसत्या हातांनी बंदूक धरल्यासारखं केलं, डोळे मिटले, गालावर बोट ठेवलं आणि मला म्हणाला, "बाबांना सांग, डाग राहू दे. गाल कुठे टेकवायचा ते मला त्याच्यावरून कळतं."

मी सांगितलं. बाबांनी त्याच्या हातातलं बदक घेतलं. मग म्हणाले, "खोबरा आसा काय घरात?" संध्याकाळी वाटणाचा वास वीमच्या घरापर्यंत गेला. भरलेली बॅग बायकोने हळूच रिकामी केली, आणि बाबा व्हिसा संपेपर्यंत राहिले.

बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा वीमचा मेसेज आला. गुडघे दुखतात, त्यामुळे शिकार बंद. बंदूक आता त्याच्या भाचीकडे, ती नुकतीच परीक्षा पास झाली आहे. दुकानदार म्हणत होता, पॉलिश करून डाग काढून देतो. भाचीने नको म्हणून सांगितलं.

सोबत फोटो होता. एक डच मुलगी बंदूक खांद्याला लावून उभी आहे... आणि तिचा गाल बरोब्बर तिथेच टेकलाय, जिथे माझ्या बाबांचं बोट टेकलं होतं.