खाली सही नाही, म्हणजे निनावी

चहा निवायच्या आत सांगून टाकतो, नाहीतर माझा धीर सुटेल. उचगावच्या हायस्कुलात मी मराठी शिकवतो, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यातही पत्रलेखन हा माझा हातखंडा. मायना, मजकूर, आपला नम्र, सगळं जागच्या जागी. तर त्या पत्रलेखनानंच माझी अशी फजिती केली, की काही दिवस शाळेत तोंड लपवून फिरत होतो.

सुरुवात केली आमच्या मुख्याध्यापिका कांबळे बाईंनी. बाई म्हणजे कडक काम. एक दिवस आठवीच्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी कविता शिकवत होतो. विहिरीवर पाणी शेंदणारी आई, आणि शेवटच्या ओळीत आई नसते, नुसता दोर हलत असतो. आता याहून काळजाला हात घालणारं काय असतं? पण निम्मी पोरं जांभया देत होती आणि उरलेली त्यांच्याकडे बघून देत होती.

"सर, हितल्या एका तरी पोरानं रहाट बघितलाय काय?" बाईंनी विचारलं. "नेटवर बघा की कायतरी. शाळेचा टॅब नुसता पडून हाय."

झालं. टॅब माझ्या ताब्यात आला. शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये बसलो. पण शोधायचं कसं? मी आपलं रीतसर लिहिलं, "महोदय, इयत्ता आठवीतील विहिरीच्या कवितेबाबत शैक्षणिक माहिती मिळावी, ही नम्र विनंती." हसू नका. उत्तर आलं की! आधी बोअर मारून देणाऱ्यांच्या जाहिराती आल्या. मग एक गृहस्थ ढोलकीवर प्रश्नोत्तरं म्हणत होते. 'स्वाध्याय जसाच्या तसा उतरून घ्या' म्हणणारे तर ढिगानं होते. त्या सगळ्यांच्या खाली, बऱ्याच खाली, नेसरीच्या देसाई मॅडम सापडल्या.

तरुण पोरगी. गावातल्या खऱ्या विहिरीवर उभी राहून कविता शिकवत होती. रहाट फिरवून दाखवला, मुलांना हाका माराव्यात तसं बोलली, कवितेला कुठं धक्का लावला नाही. दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात दाखवलं, तर जांभया देणारी पोरं टॅबवर अशी वाकली, की मला स्वतःलाच काही दिसेना. तास संपल्यावर एक जण म्हणाला, "सर, उद्या बी ह्याच मॅडम लावा की." आता मला सांगा, हे ऐकून कुठल्या मास्तराला बरं वाटेल?

मला नाही वाटलं. म्हणून मी त्या व्हिडिओखाली अभिप्राय लिहिला. "महोदया, आपले वाचन ऐकले. शेवटच्या ओळीआधी आपण थांबत नाही. ऐकणाऱ्याला तो दोर हलताना दिसू द्यावा." खाली सही मुद्दाम केली नाही. पत्राखाली सही नाही म्हणजे पत्र निनावी, हे मी इतकी वर्षं पोरांना शिकवत आलोय. मजकुराच्या वर बारीक इंग्रजी अक्षरांत काहीतरी उमटलं आणि शेजारी एका गोलात जास्वंदीचं फूल आलं. मला वाटलं, टॅब बनवणाऱ्या कंपनीचं असेल.

लगेच उत्तर आलं. "धन्यवाद मॅडम, पुढच्या वेळी नक्की थांबेन." मॅडम? मी जरा चमकलो. मग म्हटलं, माझी भाषाच तशी मायाळू असणार.

आणि ती पोरगी खरंच थांबली हो. आठवड्याभरात तीच कविता पुन्हा वाचून नवा व्हिडिओ टाकला. शेवटच्या ओळीआधी अशी थांबली, की खाली कौतुकाची रीघ लागली. काय तो ठहराव, अंगावर काटा आला, वगैरे. इथं माझं डोकं फिरलं. सुचवलं कोणी आणि कौतुक कोणाचं?

त्या तिरमिरीत मी जे लिहिलं, ते आता मान खाली घालूनच सांगावं लागणार. मी लिहिलं, "आमच्या उचगावच्या शाळेत चौगुले नावाचे सर आहेत. ते ही कविता शिकवतात तेव्हा मागच्या बाकापर्यंत मुलांचे डोळे पाणावतात. असा शिक्षक होणे नाही. दुर्दैवाने आमच्या मुख्याध्यापिकांना त्यांची किंमत कळलेली नाही."

चौगुले म्हणजे कोण? मीच की.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा. मधल्या सुट्टीत निरोप आला, बाईंनी ऑफिसात बोलावलंय. गेलो, तर बाईंच्या समोरच्या खुर्चीत देसाई मॅडम. अगदी व्हिडिओतल्या. टेबलावर आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची पिशवी. मला बघून पोरगी उठली आणि वाकून पायाच पडली.

"तुम्हीच चौगुले सर? मॅडमनी तुमच्याबद्दल लिहिलंय ते वाचलं, आणि म्हटलं, भेटायचंच."

मॅडमनी? मी हसत बाईंकडे बघितलं. बाई हसत नव्हत्या. देसाई मॅडमनी मोबाईल काढला आणि सगळे अभिप्राय ओळीनं वाचून दाखवले, प्रत्येकाच्या आधी 'सुनीता कांबळे' हे नाव घेऊन. टॅब शाळेचा, पण त्यावरचं खातं बाईंचं, आणि गोलातलं फूल म्हणजे बाईंच्या दारातली जास्वंद. शेवटचा अभिप्राय तर तिनं दोनदा वाचला. म्हणाली, मुख्याध्यापिका असून स्वतःबद्दल असं उघड लिहायचं, म्हणजे मन किती मोठं पाहिजे.

बाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी माझी सगळी नोकरी माझ्या डोळ्यांपुढून गेली. बाईंनी नुसतं 'हे मी लिहिलेलं न्हाय' म्हटलं असतं, तर स्वतःची आरती स्वतःच ओवाळणारा मास्तर म्हणून मी नेसरीपासून कागलपर्यंत गाजलो असतो. शाळेतल्या पोरांनी तर मला रिटायर होईपर्यंत सोडलं नसतं.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मीच लिहिलंय."

सुटलो म्हणणार, इतक्यात बाई उठल्या. "चला पावणं, सरांचा आठवीवर तासच हाय आता. मागच्या बाकावर बसू. डोळं कसं पाणावत्यात ते मला बी बघायचंय."

काय सांगू त्या तासाचं! मी आवाज कापरा केला. डोळे मिटले. हात छातीवर ठेवला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पहिल्या बाकावरची एक मुलगी काळजीनं उठली. "सर, बरं वाटत न्हाय काय? पाणी आणू?"

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, बास झालं. पोरांना सांगितलं, ही कविता तुम्हाला ज्यांच्यामुळं कळली, त्या मॅडम आज मागं बसल्यात. त्यांनाच विनंती करू. देसाई मॅडम लाजत पुढं आल्या. वाचायच्या आधी म्हणाल्या, "शेवटच्या ओळीआधी थांबायचं मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मला तुमच्या शाळेनं शिकवलं."

आणि त्यांनी वाचली. शेवटच्या ओळीआधी थांबल्या. त्या थांबण्यात मला कागलची आमच्या दारची विहीर दिसली, आणि रहाटाला जोर लावणारी आमची आई दिसली. ती जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. ही कविता मी इतक्यांदा शिकवली, पण कधी ऐकलीच नव्हती. त्या पोरीचे उपकार कसे फेडायचे, मला कळेना. वर्गात एकाच माणसाचे डोळे पाणावले, आणि तो मागच्या बाकावर नव्हता, फळ्यापाशी उभा होता. मघाची मुलगी न विचारता पाणी घेऊन आली.

शाळा सुटल्यावर मी बाईंच्या पुढं जाऊन उभा राहिलो. बाईच बोलल्या. "लांबनं आलेल्या पोरीसमोर आपल्या माणसाला उघडं पाडायचं व्हय? पर सर, माझ्याच नावानं माझीच निंदा?"

मी हात जोडले.

"आणि किंमत कळलेली न्हाय, असं नका लिहू. किंमत हाय म्हणूनच खोटं बोलले."

अहो, पाठीशी उभं राहणारी माणसं असतात, पण इतकं लागल्यावरही उभी राहणारी किती? घरी येऊन बायकोला सांगितलं, लेकीला सांगितलं. लेक पोट धरून हसली आणि तिनं माझ्या मोबाईलवर माझ्या नावाचं खातं काढून दिलं. म्हणाली, आता तुमच्या लिहिण्यावर तुमचंच नाव येईल, पप्पा. मला इतकं हलकं वाटलं, की आता बाईंचे आभार जाहीरच मानायचे ठरवलं.

सोमवारी शाळेत आलो, टॅब समोरच होता. म्हटलं, एकदा खातं निघालं म्हणजे निघालं. बँकेत तरी काय, कुठल्याही शाखेत गेलं तरी खातं आपलंच राहतं की! देसाई मॅडमच्या त्याच व्हिडिओखाली मन मोकळं करून लिहिलं, "कांबळे बाईंसारखी मुख्याध्यापिका उभ्या जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. काय ते मन, काय तो मोठेपणा! बाई, तुमच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत." नाव आपोआप वर येतं हे आता ठाऊक होतं, म्हणून खाली सही केली नाही.

दुपारपर्यंत ते सगळ्या स्टाफनं वाचलं होतं. देसाई मॅडमनी तर खाली हात जोडल्याचं चित्रही टाकलं होतं.

बाईंनी ऑफिसात बोलावलं. टॅब माझ्यापुढं सरकवला. मजकुराशेजारी जास्वंद टवटवीत फुललेली.

"चौगुले सर," बाई म्हणाल्या, "आता हे बी मीच लिहिलंय म्हणू काय?"