बंधारा, मिरच्या आणि वैशाखातलं लग्न

पाणलोटाच्या कामात पाणी साठायला दोन-तीन वर्षं लागतात. किस्से मात्र पहिल्या दिवसापासून साठतात! नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मी कारंजा तालुक्यातल्या एका गावात असल्याच कामावर सुपरवायझर होतो. जुना तलाव उपसायचा आणि जोडीला सिमेंटचा बंधारा घालायचा, असा बेत. गावची विहीर होळीलाच तळ गाठायची, त्यामुळे उन्हाळ्यात तिथं लग्न लागत नसे. सरपंच अनसूयाबाईंनी ग्रामसभेत ठणकावलं, "माह्या पोरीचं लग्न मी वैशाखात, याच गावात करीन. पाणी नाई पुरलं तं तोंड नाई दाखवणार!"

*

बंधाऱ्याची जागा शोधायला इंजिनिअर साहेबांनी तीन पायांवर दुर्बिणीचं यंत्र लावलं. समोर म्हातारे डोमाजी, फेटा बांधून, बायकोला नवं लुगडं नेसवून ताठ उभे! साहेब ओरडले, "बाबा, बाजूला व्हा!" डोमाजी बायकोपासून हातभर सरकले आणि पुन्हा ताठ.

यंत्र फोटोचं नाही, बंधाऱ्याची जागा मोजायचं आहे हे कळल्यावर म्हणाले, "मंग आधी काऊन नाई सांगतलं? त्या आंब्यापाशी बांधा. माहा बाप उन्हाळ्यात पाण्यासाठी तिथंच झिरा खोदे."

साहेबांनी दोन दिवस मोजून जागा काढली, ती आंब्यापासून सहा पावलांवर. रिपोर्टात लिहिलं, 'शास्त्रीय सर्वेक्षणांती'!

*

टेकडीखाली चर खोदायला आम्ही पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. सकाळी पाहतो तर रेघ शेजारच्या वावरात! दुसऱ्या दिवशी त्याच्याही पलीकडे! जमीन जाईल या धास्तीनं जो तो रेघ पुढे ढकलत होता.

पुढच्या वर्षी चराखालची तूर अशी माजली, की तेच लोक फक्कीची थैली घेऊन दारात. "साहेब, आमच्या वावरात दोन रेघा मारा ना!"

*

शाळेच्या स्लॅबवरचं पावसाचं पाणी पाइपानं टाकीत सोडलं होतं. जिल्ह्याचे मोठे साहेब पाहायला आले. हेडमास्तरांनी अभिमानानं ग्लास पुढे केला. साहेबांनी घोट घेतला आणि डोळ्यांतून धारा!

गावातली एकुलती एक सपाट गच्ची ती. सगळ्या आळीच्या मिरच्या तिथंच वाळायच्या. साहेब डोळे पुसत म्हणाले, "गुरुजी, पाण्याले फोडणी कोणं देल्ली?"

*

तलावातला गाळ काढायच्या दिवशी जिल्ह्याच्या त्याच मोठ्या साहेबांनी श्रमदानाच्या महत्त्वावर अर्धा तास भाषण केलं. ऊन चढलं. शेवटी अनसूयाबाई म्हणाल्या, "साहेब, बोलणं थांबवू नोका. फक्त टोपलं डोक्यावर घेऊन बोला!"

साहेबांनी खरंच अकरा टोपली वाहिली. त्या माणसाबद्दल तेव्हापासून मला प्रेम वाटतं.

*

अखेर वैशाखात अनसूयाबाईंच्या दारी मांडव उभा राहिला. विहिरीत दोन पुरुष पाणी होतं, तरी बाई दिवसातून चारदा डोकावून येत. वऱ्हाड आलं आणि मागोमाग एक भरलेला टँकर! नवरदेवाचे वडील म्हणाले, "तुमच्या गावचं आयकून होतो. म्हटलं, आपली सोय आपणच करून घ्यावी."

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी ड्रायव्हरला शांतपणे सांगितलं, "भाऊ, हे ढोराच्या टाक्यात सोडून दे. पाव्हण्याले विहिरीचं देऊ."

वऱ्हाडाच्या आंघोळी झाल्या, दोन पंगती उठल्या. संध्याकाळी पोरीची ओटी भरली; ती रडली, आम्हीही रडलो. गाड्या हलणार तेवढ्यात बाईंनी हात वर केला. विहिरीवरचं इंजिन लावून टँकर काठोकाठ भरला, बॉनेटवर खण-नारळ ठेवला आणि व्याह्यांना हात जोडले.

"इवाई, आमच्या गावातून रिकाम्या ओटीनं कोणी सासरी नाई जात!"