दीपमालाबाईंची घरगाडी

बोरी अरबला दीपमालाबाई मनवर यांनी वीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. पट्टा सैल झाला की त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. विजेची लाईन कमी आली की हातावर पडणाऱ्या ज्वारीच्या पिठावरून त्या सांगायच्या. त्यांचे यजमान धम्मरत्न एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होते. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना गावोगाव नेणाऱ्या गाड्यांची वायरिंग केली. स्वतः मात्र दारव्हा, यवतमाळ आणि वर्षातून एकदा दीक्षाभूमीला नागपूर, एवढेच फिरले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एका शाळेनं काढून टाकलेली जुनी व्हॅन विकत घेतली. सीटा उपटल्या, लाकडी पलंग ठोकला, शेगडीला कट्टा केला, छताला छोटा पंखा आणि दोन दिवे लावले. टपावर सोलरचं पॅनल चढवलं आणि पलंगाखाली एक वेगळी बॅटरी बसवली.

"घर हाय ना बांधेल. मंग हे चाकावरचं कायले?" दीपमालाबाईंनी विचारलं होतं.

"हे घर जागचं हालत नाही ना वं," धम्मरत्न म्हणाले.

पलंगाखालची बॅटरी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पुढची बॅटरी गाडी चालू करण्यापुरती, ही मागची घरची. दिवा, पंखा, मोबाईल, सगळं हिच्यावर. गाडी चालली की इंजिनवर चार्ज व्हायची, उभी असली की उन्हावर. "एकीनं दुसरीचं खायचं नाही," असं ते बजावत. रोज सकाळी उठल्या उठल्या बाहेरून मागचं दार उघडून मीटर लावत आणि व्होल्टचा आकडा मोठ्यानं सांगत, "बारा सात!" म्हणजे पोट भरलेलं आहे. बारा दोन म्हणजे अर्धं उरलं. त्याच्या खाली कधीच जाऊ द्यायचं नाही.

दोन हिवाळे ते असे फिरले. अजिंठा झालं, सांची झालं. नर्मदेच्या काठी चार दिवस राहिले. वीस वर्षं पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांनी गिरणीत वावरलेली बाई रोज वेगळ्या झाडाखाली उठू लागली. बाहेरून "बारा सात" ऐकू आलं की त्या पांघरूण बाजूला करून चहा ठेवायच्या. तिसऱ्या हिवाळ्यात पांढरकवड्याहून मोठा रस्ता धरून सरळ खाली कन्याकुमारीला जायचं ठरलं होतं. कोणत्या गावी मुक्काम करायचा तेही धम्मरत्न यांनी लिहून काढलं होतं.

त्याआधीच्या होळीला त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. तोंडात एकच शब्द राहिला, "बरं". तहान लागली तरी बरं, राग आला तरी बरं.

घरगाडी अंगणात शेवग्याखाली उभी राहिली. तिच्याकडे बघायला कोणाला सवड होती? दीपमालाबाईंचे दिवस मालिश, औषधं आणि यवतमाळच्या दवाखान्याच्या चकरा यांतच संपत. पावसाळा गेला, दिवाळी आली. पुण्याला नोकरी करणारा मुलगा रोशन घरी आला तेव्हा म्हणाला, "आई, इकून टाकू. उभी राहून सडून राह्यली." त्या हो म्हणाल्या.

यवतमाळहून गिऱ्हाईक आलं. रोशननं चावी फिरवली, इंजिन हूं की चूं करेना. मागं जाऊन दिव्याचं बटण दाबलं, तेही मेलेलं. "दोन्ही बॅटऱ्या गेल्या," गिऱ्हाईक म्हणालं. ओसरीवर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या धम्मरत्न यांनी ते ऐकलं. एकतीस वर्षांत ज्याच्या हातून एक बॅटरी अशी मेली नव्हती तो माणूस डाव्या हातानं तोंड झाकून रडू लागला.

दीपमालाबाई ओसरीवरून उतरल्या. "गाडी इकायची नाही," त्या म्हणाल्या. आपण असं काही बोलणार आहोत हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"आई, चालवन कोन?"

"ते मंग पाहू."

दारव्ह्याचा बॅटरीवाला नेमसिंग राठोड धम्मरत्न यांच्या ओळखीतला. त्यानं दोन्ही बॅटऱ्या दुकानात नेल्या. पुढची गेलेलीच होती, ती नवीन घ्यावी लागली. घरच्या बॅटरीचे सहाही बूच उघडून त्यानं आत पाहिलं.

"काकू, वापरून नाही मेली हे. रिकामी उभी ठेवली म्हणून अशी झाली. ऊन भेटलं नाही तिले."

"भाऊ, चक्कीले काय झालं ते मले आवाजावरून समजे. हे तं बोलतच नाही."

"म्हणून तं मीटर लावा लागते."

त्यानं डिस्टिल वॉटर घातलं आणि तीन दिवस हळूहळू चार्ज केली. पूर्वीची ताकद येणार नाही, पण निम्म्याच्या वर वाचली, असं म्हणाला. पाणी खुणेच्या खाली जाऊ द्यायचं नाही, नळाचं घालायचं नाही, अर्धी रिकामी ठेवून झोपायचं नाही. दीपमालाबाईंनी सगळं दोनदा म्हणून दाखवलं.

बॅटरी पलंगाखाली परत बसली. पण रोज थोडा वेळ दिवा-पंखा लावून पाहिला तर चार दिवसांत मीटर बारा तीन, मग बारा दोन, मग बारा एक दाखवू लागलं. पॅनल टपावर होतं, वायरी जागच्या जागी होत्या. दीपमालाबाई मीटर घेऊन ओसरीवर गेल्या.

"आयका ना, ऊन तं हाय. मंग चढून काहून नाही राह्यली?"

"बरं," धम्मरत्न म्हणाले आणि डावा हात वर केला.

"टपावर पाहू? पाहलं मी. पुसून बी घेतलं."

"बरं! बरं!" हात पुन्हा वर. मग त्यांनी तो खुर्चीच्या दांडीवर आपटला आणि मान फिरवून घेतली. दीपमालाबाई स्वयंपाकघरात गेल्या, पिठाच्या डब्यावर बसून रडल्या. त्यांना बॅटरीचं दुःख नव्हतं. ज्याला सगळं माहीत होतं तो माणूस चार पावलांवर बसला होता आणि त्याला विचारता येत नव्हतं. त्यांचे कान "बारा सात"च्या त्या एका हाकेसाठी तरसले होते. नर्मदेच्या काठची ती सकाळ, गार वारा, बाहेरून आलेला तो मोठा आवाज.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्चीच ढकलत गाडीजवळ नेली. धम्मरत्न यांनी हात वर केला आणि या वेळी बोट ताणलं. ते टपाकडे नव्हतं, त्याच्या वर होतं. शेवग्याच्या फांद्या एका पावसाळ्यात भरमसाट वाढल्या होत्या आणि त्यांची सावली दुपार टळेपर्यंत पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडत होती.

"एवढ्याशा सावलीनं?"

"बरं," ते म्हणाले. अगदी शिकवणाऱ्या माणसाच्या आवाजात.

विळा बांधलेल्या बांबूनं फांद्या पाडायला तासभर लागला. चौथ्या दिवशी मीटरवर बारा सहा आलं. दीपमालाबाईंनी गाडीतून आकडा ओरडून सांगितला. ओसरीवरून "बरं" आलं. तेव्हापासून रोज सकाळी आकडा त्या सांगत आणि ते ऐकत. उलटं झालं होतं सगळं, आणि जे उलटं झालं तेच त्यांना रोज टोचायचं.

सत्तावन्नाव्या वर्षी त्या यवतमाळला मोटार शिकायला गेल्या. शिकवणाऱ्यानं विचारलं, "बाई, जायचं कुठं तुम्हाले?" त्या म्हणाल्या, "खाली." दोन महिन्यांत लायसन आलं. रोशनला त्यांनी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाबाच्या औषधाईची पिशवी पुढं ठेवजो."

संक्रांत झाल्यावर, एक रात्र राहून तर पाहू म्हणून, त्या निघाल्या. धम्मरत्न पलंगावर उशीला टेकून, पट्ट्यानं बांधलेले. केळापूरजवळ ओळखीच्या धाब्याच्या आवारात मुक्काम केला. दिवा लागला, पंखा फिरला. त्यांनी शेगडीवर वरण-भात केला आणि घासाघासानं भरवला. सकाळी मीटर बारा चार होतं. अजून एक मुक्काम सहज निघाला असता. पण मालिश करणारा परवा येणार होता आणि धम्मरत्न यांचा पाय सुजला होता. कन्याकुमारी तिथून हजारावर किलोमीटर. त्यांनी गाडी रस्त्यावर घेतली तेव्हा घराकडे वळायचं होतं, पण मागून डावा हात काचेवर वाजला. धम्मरत्न दक्षिणेकडे दाखवत होते.

"आज नाही जमत जी."

हात पुन्हा वाजला.

त्या पैनगंगेच्या पुलापर्यंत गेल्या, मग पूलही ओलांडला. पलीकडे पाट्या तेलुगू झाल्या. पहिल्या टपरीवर त्यांनी गाडी थांबवली, दोन चहा घेतले. एक स्वतः प्यायल्या, दुसरा बशीत ओतून, फुंकून त्यांना पाजला. टपरीवाल्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, कुठं चाललात? दीपमालाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते खिडकीतून रस्त्याकडे पाहत होते, ट्रकमागून ट्रक खाली चालले होते.

"कन्याकुमारी," त्या म्हणाल्या.

टपरीवाला हसून म्हणाला, अजून फार दूर आहे. त्यांनी पैसे दिले, पट्टा पुन्हा नीट आवळला आणि गाडी बोरी अरबकडे वळवली. पूल मागे पडेपर्यंत धम्मरत्न बाजूच्या काचेतून पाहत राहिले. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता म्हणून दीपमालाबाईंनी गाडी हळू चालवली.