इंटरनेटची वायर

आमचे कॉम्प्युटरवाले खडकीहून स्कूटरवर येतात आणि मशीनच्या आधी माझ्याकडेच संशयाने बघतात. परवा अपडेटनंतर जुना मराठी फॉन्ट बिघडला. छापायला द्यायच्या आईच्या आठवणींच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं दिसू लागली.

"अपडेट करायला कोणी सांगितलं?"

"अहो, मशीननंच विचारलं. मी हो म्हटलं."

"दारावर आलेल्या प्रत्येक सेल्समनला हो म्हणता का?"

चहा निवला तरी ते अपडेट काढत बसले होते. शेवटी पडद्यावर आईचं नाव मराठीत उमटलं आणि माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी इंटरनेटची वायर उपटली, गुंडाळली आणि खिशात घातली.

"पुस्तक छापून झालं की मागा."

माझ्याच घरातली वस्तू घेऊन निघालेल्या माणसाला मी आभार मानत फाटकापर्यंत सोडायला गेलो.