ऐकण्याची मुदत

वहिनी मला भाचीचे आवाज पाठवत असे. मी तेव्हा घरापासून लांब, एका संशोधन संस्थेत मुनिया पक्ष्यांच्या गाण्यावर काम करत होते. मोबाइलवर येणारे ते छोटे तुकडे, हुंकार, किंचाळ्या, मध्येच एखादे ‘आगू’ आणि त्यामागे वहिनीचे हसणे, मी घाईत ऐकत असे आणि कामाला लागत असे. त्या उन्हाळ्यात प्रबंध लिहिण्यासाठी मी धामणगाव बढ्याला घरी येऊन राहिले. एका दुपारी लिहिण्याचा कंटाळा आला म्हणून ते सगळे तुकडे पहिल्यापासून क्रमाने लावले. थोड्याच वेळात मी ताठ बसून ऐकू लागले.

भाची दोन वर्षांची व्हायला आली होती आणि तिचा आवाज वाढण्याऐवजी आटत गेला होता. सुरुवातीच्या तुकड्यांत बडबड होती. नंतरच्या तुकड्यांत ती विरळ झाली होती, आणि अगदी अलीकडच्या तुकड्यांत बहुतेक वेळ वहिनीच बोलत होती.

हे मला इतके का खटकले ते समजण्यासाठी मुनियाविषयी थोडे सांगायला हवे. मुनियाचे पिल्लू गाणे घेऊन जन्माला येत नाही. या पक्ष्यांत फक्त नर गातो आणि तो ते बापाकडून शिकतो. आधी पिल्लू नुसते ऐकते; ऐकलेले मेंदूत साठते. मग ते पुटपुटू लागते, तुटक आणि बेसूर. त्याच्या मेंदूत या कामासाठी दोन वाटा असतात. एक वाट गळ्याच्या स्नायूंना आज्ञा पोचवते. दुसरी सरावाची; ती त्या आज्ञांमध्ये मुद्दाम थोडी गडबड मिसळते, म्हणजे प्रत्येक वेळी काही वेगळे करून पाहता येते. केलेला प्रत्येक प्रयत्न कानावाटे परत येतो आणि साठवलेल्या गाण्याशी ताडला जातो. जवळ जाणारा टिकतो, दूर जाणारा सुटतो. गाणे असे घट्ट होत जाते. मात्र या साऱ्याला मुदत असते. ती उलटेपर्यंत कानावर काहीच पडले नाही, तर मोठेपणी पक्षी जे गातो ते विस्कटलेलेच राहते.

माणसाचे मूल म्हणजे मुनिया नव्हे, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पण बोलणे कानातून येते, ते आधी साठते आणि मग बडबडीतून घडते, एवढा सांगाडा दोघांत सारखा आहे. मुदतही दोघांना आहे. संध्याकाळी जेवताना मी सरळ विषय काढला आणि म्हणाले, पोरीच्या कानांची तपासणी करून घेऊ.

दादाने हातातला घास ताटात ठेवला. “काऊन वं? काय झालं तिच्या कानाले?”

“तिले ऐकू येत नसन असं मले वाटते.”

“आयका!” तो आईकडे वळून म्हणाला. “पाखरायची डॉक्टरीण आता माणसायचे कान पाहून राह्यली.”

आई हसली, पण तिच्या हसण्यात धार होती. “असं अभद्र बोलू नये, बाई. रोज सकाळी माह्यासंगं वंदना म्हणते ते लेकरू. ‘बुद्धं सरणं’ले बराबर हात जोडते, ओठ हालवते. न आयकता म्हणते काय?”

“अन् माह्या बॉक्ससमोर नाचते ते?” दादाने भर घातली. त्याचा साऊंड सर्व्हिसचा व्यवसाय आहे. पंचक्रोशीतली लग्ने आणि जयंतीच्या मिरवणुका त्याच्या स्पीकरवर वाजतात. “डीजे लागला का पाय थांबत नाहीत तिचे. बह्यरी पोरगी नाचते काय वं कुठं? आपल्या घरात सारेच उशिरा बोलतात. मायले इचार, मी कवा बोललो ते.”

“तू बोलला तो अजून थांबलाच नाही,” आई म्हणाली. दोघे हसले आणि विषय मिटला असे त्यांनी ठरवले. वहिनीने वर पाहिले नाही. ती भाचीला वरणात कुस्करलेली भाकर भरवत होती.

मला वाद जिंकायचा नव्हता. मला त्या दोघांचे पुरावे तपासायचे होते, कारण ते दोन्ही पुरावे खरे होते: पोरगी ओठ हलवत होती आणि पोरगी नाचत होती. प्रश्न एवढाच होता की कशामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनेच्या वेळी मी आईला तिच्या नेहमीच्या जागी न बसता भाचीच्या मागे बसायला सांगितले.

“वंदनेत परीक्षा घेतं काय वं माही?”

“तुही नाही. बस ना, माय.”

ती कुरकुरत बसली आणि तिने सुरुवात केली. भाचीने समोरच्या मूर्तीकडे पाहिले, मेणबत्तीकडे पाहिले. आईचा आवाज खणखणीत आहे. तो अंगणापर्यंत जातो. भाचीचे ओठ मिटलेले होते. मग तिला काहीतरी चुकल्यासारखे झाले असावे. ती आजीला शोधू लागली, तिने मान वळवून मागे पाहिले, आजीचा चेहरा सापडला, आणि त्याच क्षणी तिचे ओठ हलू लागले. हातही जुळले. आईचा आवाज एका ओळीवर अडखळला. तिने वंदना शेवटपर्यंत पूर्ण केली आणि भाचीला मांडीवर ओढले.

दादाने ते ऐकून खांदे उडवले. “खेळत असन ते. लेकरू हाय.”

“मंग तुह्या बॉक्सवर पाहू.”

“पाहू ना. काय लपवाचं हाय?”

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचे सामान असते. त्याने मिक्सर जोडला, एक गाणे लावले, आणि स्पीकरच्या खोक्याशेजारच्या फळीवर अनवाणी उभी असलेली भाची लगेच गुडघे वाकवून डोलू लागली. दादाने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले.

त्याला मेंदूची भाषा सांगून उपयोग नव्हता, पण आवाजाची भाषा त्याला माझ्यापेक्षा कमी येत नव्हती. मी म्हणाले, “दादा, बेस काढून टाक. सारा. नुसतं वरचं ठेव, अन् आवाज वाढव.”

त्याचा हात मिक्सरवर थांबला. मी काय विचारते आहे ते त्याला तिथेच कळले असावे. तरी त्याने बटन फिरवले. छातीत घुमणारा ठोका नाहीसा झाला आणि उरलेले गाणे पत्र्यासारखे कर्कश झाले. त्याने आवाज चढवला. मी कान दाबले. शेडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या वहिनीनेही पदर कानावर घेतला.

भाची थांबली होती. तिने खोक्याकडे पाहिले, मग बापाकडे, आणि दोन्ही तळहात उलटे करून दाखवले, जेवण संपल्यावर दाखवायची तसे. संपले.

दादाने बेस परत दिला. ती डोलू लागली. काढला. थांबली. त्याने मग ते इतक्या वेळा केले की वहिनी म्हणाली, “पुरे ना आता.” त्याने मिक्सर बंद केला, तो कोणी सांगितले नसताना वायर कोपरावर गुंडाळत बसला आणि वर न पाहता म्हणाला, “कवा जायचं?”

बुलढाण्याच्या तपासणी केंद्राने फोनवर एक अट घातली होती. तपासणीच्या वेळी मूल गाढ झोपलेले हवे. म्हणून पहाटे उठवा आणि वाटेत अजिबात झोपू देऊ नका. मोताळ्यापर्यंत बिस्किटांवर निभावले. राजूरच्या घाटात गाडी वळणे घेऊ लागली तशी भाचीची मान कलू लागली. दादा गाडी चालवत होता आणि आरशातून ओरडत होता, “हालव तिले! झोपली का समदं बोंबललं.” मी ओला रुमाल तिच्या गालाला लावला. तिने रागाने माझा हात झटकला.

त्या धांदलीत वहिनी हळू आवाजात म्हणाली, “ताई, मले माहीत होतं.”

“काय?”

“मांगून हाका मारून पाह्यल्या, ताटं आपटून पाह्यली. पन बोलली असती तं सारे म्हनले असते, आईनंच काई केलं असन पोटात असतानी. तुमी आवाजाचंच काम करता, म्हून तं तुमाले पाठोत होती.”

मी काही बोलणार तोच भाचीचे डोळे मिटले. आम्ही दोघींनी मिळून तिला उभे केले.

केंद्रावर पोचल्यावर उलटे झाले. वाटेत झोपेने कोलमडणारे मूल तिथल्या पांढऱ्या खोलीत टक्क जागे झाले. झोपेचे औषध अर्धे सांडले. आमच्यानंतर दुसरे पालक थांबले होते. तपासणी करणाऱ्या बाई सौम्य होत्या, पण घड्याळाकडे पाहत होत्या. आज झोपली नाही तर पुढची वेळ कधी मिळेल, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. शेवटी वहिनीने तिला खांद्यावर घेतले आणि ती येरझारा घालत गुणगुणू लागली. भाचीने तळहात आईच्या गळ्यावर ठेवला, बोटे पसरून, जिथे गुणगुणणे कापरे होऊन हाताला लागते तिथे. थोड्या वेळाने तो हात घसरला.

तिच्या कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवल्या गेल्या. तत्त्व साधे आहे: कानात बारीक टकटक सोडायची, आणि ती मेंदूच्या देठापर्यंत पोचली का, हे तिथे उमटणाऱ्या विजेच्या लहरींवरून पाहायचे. मूल काही सांगत नाही, लहर सांगते. अशा लहरी मी रोज पाहत आले होते, पक्ष्यांच्या. संगणकाच्या पडद्यावर कुठे उंचवटा यायला हवा ते मला ठाऊक होते. तिथे सपाट रेघ होती. बाईंनी टकटक मोठी केली. सपाट. आणखी मोठी. दुसरा कान. खूप वरच्या पातळीवर एक पुसट फुगवटा आला, तोही खात्रीचा नव्हे.

दादाला पडदा वाचता येत नव्हता. तो माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. मी चेहरा जमेल तेवढा स्थिर ठेवला आणि ते त्याला पुरेसे झाले.

बाईंनी नीट समजावले. दोन्ही कानांत तीव्र दोष. आधी ऐकण्याची यंत्रे, त्याबरोबर बोलण्याची शिकवणी, आणि त्याने भागले नाही तर मोठ्या शहरात शस्त्रक्रिया. दादाने सगळे ऐकले. मग मला बाहेर जिन्यात नेले.

“तुह्या पाखरायचं काय होते मंग? ज्यायच्या कानावर गानं उशिरा पडते त्यायचं?”

“काही पाखरायची मुदत लांबते,” मी म्हणाले. “गानंच कानावर पडलं नाही तं मेंदू काही काळ वाट पाहतो. लगेच दार लावत नाही.”

“मंग तिचाबी पाहून राह्यला असन.”

इथेच थांबणे सोपे होते. “दादा, त्या पाखरायले ऐकू येत होतं, त्यायले फक्त गानं मिळालं नोतं. हिचं तसं नाही. अन् किती वाट पाहतो ते मी नाही सांगू शकत. दोन वर्ष म्हणजे उशीर झाला, पन गेलं नाही. एवढंच मले पक्कं माहीत हाय.”

त्याने भिंतीला डोके टेकवले. “म्हंजे आता आपल्यानं होईन तेवढी घाई.”

“हाव.”

तो आत गेला आणि त्याने बाईंना विचारले की यंत्रांसाठी जे काही लागते त्यातले आज काय करता येईल. कानाचा साचा आज घेता येईल, असे त्या म्हणाल्या. झोपेतच घेऊ, असे ठरले, पण मऊ गुलाबी लगदा कानात जाताच भाची जागी झाली आणि सगळा जिना दणाणेल अशी रडू लागली. लगदा घट्ट होईपर्यंत डोके हलू देऊ नका, बाई म्हणाल्या. वहिनीने हात धरले. दादाने डोके धरले.

“हालू नको माय, हालू नको,” तो तिच्या मागून म्हणाला. मग तो थबकला, तिचे डोके वहिनीकडे सोपवून खुर्चीला वळसा घालून पुढे आला, गुडघ्यांवर बसला, आणि आपला चेहरा तिच्या भरलेल्या डोळ्यांसमोर आणून तेच शब्द पुन्हा, सावकाश म्हणाला.